जवान पोस्टवर, ओटीपी त्याच्या फोनवर: जुळे सोलापुरातल्या एका गल्लीचं प्रकरण

हे आमच्या गल्लीतल्या एका घराचं प्रकरण आहे. घरातला कर्ता माणूस सैन्यात, फिल्ड पोस्टिंगला (सीमेसारख्या भागातल्या तैनातीवर) आहे. कुठे, ते लिहिणार नाही. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. लिहून झाल्यावर सगळं त्याच्या बायकोला वाचायला दिलं. दोन ठिकाणी तिने खोडलं, ते तसंच खोडलेलं ठेवलंय. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच, आणि तिचा नवरा तो दादा. मी एका कर सल्लागाराकडे कामाला आहे, त्यामुळे या सगळ्यात कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक चूक माझ्या हातूनही झाली, तीही पुढे सांगते.

घर

वहिनी सत्तावीस वर्षांची, मुलगी पाच वर्षांची. सासूबाईंना साखर आहे आणि गुडघ्यांनी त्या बेजार. सासरे गावी, दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेकाठच्या साडेतीन एकरांवर. पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीला, क्वार्टर मिळालं की बायकापोरं जवानासोबत राहतात. फिल्डला ती सोय नाही. म्हणून मुलीच्या शाळेसाठी जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

२०२५ च्या एप्रिलअखेर दादा सुट्टीवर आले. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची कॅज्युअल, हे जवानाचं गणित. त्यातली एक महिन्याची सुट्टी मिळाली होती आणि वहिनींना पाचवा महिना लागत होता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. दुसऱ्या दिवशी युनिटचा फोन आला आणि त्याच रात्री दादा रेल्वेत बसले.

निरोपाच्या दोन चुका

स्टेशनवर आम्ही पंधरावीस जण गेलो होतो. हार घातले, घोषणा दिल्या, कुणीतरी व्हिडिओ काढला. घरी येईपर्यंत तो तीन ग्रुपवर फिरला होता. गाडीचं नाव, डब्याचा नंबर, दादांच्या छातीवरचं नाव, सगळं त्यात स्पष्ट दिसत होतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते रात्री साडेअकराला घरोघरी गेले आणि व्हिडिओ काढून टाकायला लावला. सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, असं केंद्र सरकारने २६ एप्रिललाच प्रसारमाध्यमांना बजावलं होतं. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की टीव्हीला जो नियम तो आपल्या ग्रुपलाही. कोणता जवान, कोणत्या गाडीने, कोणत्या दिशेला निघाला, हे जगाला सांगायचं कारण काय? त्या रात्रीपासून गल्लीत वहिनींना “कुठे आहेत?” असं कुणी विचारत नाही. “बोलणं झालं का?” एवढंच विचारतात.

दुसरी चूक १५ ऑगस्टची. एका मंडळाने सत्काराला बोलावलं. आठ महिन्यांची गरोदर बाई तासभर स्टेजवर बसवली, मग माइक हातात देऊन विचारलं, “भीती वाटते का?” वहिनी दोन वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. पण खरं दुखणं वेगळं होतं. भाषण करणाऱ्याने शहिदांना वंदन करता करता त्याच ओघात दादांचं नाव घेतलं. मुलगी समोर बसून ऐकत होती. रात्री तिने आजीला विचारलं, “पप्पा शहीद झाले का?” सासूबाई मला हे सांगताना रडल्या. मंडळातल्या पोरांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. तरी जिवंत जवानाच्या घरच्यांसमोर हुतात्म्यांचं भाषण करू नये. सत्कार करायचाच असेल तर आधी त्या बाईला विचारावं. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडावा.

पाणी

दादा गेले त्या आठवड्यात वहिनींना प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं: “काही लागलं तर सांगा.” मीही तेच म्हटलं. तीन आठवडे वहिनींनी कुणाला काहीच सांगितलं नाही. कारण पुढे कधीतरी त्यांनी सांगितलं. “काकू, कुणाकडून काय मागावं हे कसं ठरवायचं? मागितलं की मोजलं जातं. आणि एकदा कुणी नाराजीने हो म्हटलं, की दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.”

कोंडी फुटली ती नळामुळे. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांआड येतं आणि आमच्या भागात बहुतेक वेळा मध्यरात्री. नळ आधी नुसता फुसफुसतो, मग तांबूस पाणी येतं, मग धार लागते. दोन तासांत खालचा हौद, दोन ड्रम आणि वरच्या घरातली भांडी भरायची. समोरच्या घरातला बारावीचा मुलगा अभ्यासाला जागा होता. रात्री दीडला त्याने गॅलरीतून पाहिलं: वहिनी एका हाताने पोट सावरत, दुसऱ्या हातात कळशी घेऊन जिना चढत होत्या. दर चार पायऱ्यांना कळशी कठड्यावर टेकवत होत्या.

सकाळी तो गेला आणि म्हणाला, “वहिनी, आजपासून तुमचं पाणी मी भरणार. तुम्ही फक्त झाकणं काढून ठेवा.” काय मदत करू, असं त्याने विचारलंच नाही. काम स्वतः निवडलं, ठरवलं आणि ते तो निभावत राहिला. त्याच्या एका वाक्याने आमच्या सगळ्यांच्या “सांगा”ची किंमत कळली. मग आम्ही पाच घरं बसलो आणि वहिनींना समोर घेऊनच कामं वाटून घेतली. रिक्षा चालवणारे शेजारी दवाखान्याचं बघणार, वेळ कोणतीही असो. हवालदारकाका युनिटशी बोलणार. संध्याकाळी सहा ते आठ मुलगी निवृत्त बाईंकडे अभ्यासाला. कागद माझ्याकडे. वहिनींनी एक अट घातली: काय हवं, काय नको, हे त्या ठरवणार. त्यांना न विचारता कुणी गावी सासऱ्यांना किंवा थेट दादांना फोन करायचा नाही.

काकांनी त्यांना एक वही करायला सांगितली. दादांचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, युनिटचा फोन, सेवा-नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन, डॉक्टर, रक्तगट. वही कपाटात, आणि तिच्याबद्दल माहीत फक्त तिघांना. तिचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

गणपतीतली रात्र

२८ ऑगस्टची रात्र. गणपती बसून एक दिवस झाला होता. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. रिक्षावाले दादा सात मिनिटांत दारात आले. कुठल्या रस्त्यावर मंडप आहे, कुठून आत शिरता येईल, हे त्यांना तोंडपाठ. दवाखान्यात तातडीने सिझेरियन करावं लागेल असं ठरलं आणि काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला: “नवऱ्याची सही हवी.” नवरा ड्युटीवर आहे म्हटलं, तर “मग भाऊ, दीर, कुणीतरी पुरुष माणूस?” वहिनी कळा सोसत तिथेच उभ्या होत्या. शुद्धीवर असलेली सज्ञान बाई स्वतःच्या ऑपरेशनला स्वतः संमती देऊ शकते. तिची सही पुरेशी असते. हे मी डॉक्टरीणबाईंना गाठून सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं, फॉर्मवर वहिनींनीच सही केली. यात वीस मिनिटं गेली, जायला नको होती. जवानाच्या घरातलं बाळंतपण असेल तर हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

एकीकडे काकांनी युनिटला फोन लावला. पूर्वी हे काम तारेने व्हायचं. जवानाला तातडीची सुट्टी मिळवायला घरून आलेली तार हाच पुरावा असायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता फोन आणि त्यामागोमाग दवाखान्याचा कागद. काकांनी आधी पोस्टवरच्या दादांना न गाठता सुभेदार साहेबांना सांगितलं: नंबर, नाव, बायकोची अवस्था, दवाखाना, सोबत कोण आहे. “सोबत कोण आहे” हे त्यांनी दोनदा सांगितलं. नंतर मी विचारलं, दोनदा का? काका म्हणाले, “पोस्टवरच्या माणसाला बातमीपेक्षा हे आधी ऐकायचं असतं. घरी कुणी आहे म्हटलं की तो नीट विचार करू शकतो. हातात बंदूक असते त्याच्या.”

मुलगा झाला. वजन कमी होतं म्हणून सहा दिवस काचेत ठेवला. दादा पाचव्या दिवशी पोचले. तिथून खाली उतरायलाच दोन दिवस गेले होते. सेवेतल्या जवानाच्या कुटुंबावर लष्करी रुग्णालयात उपचार होतात, पण सोलापुरात तसं रुग्णालय नाही. पुण्याचं कमांड हॉस्पिटल अडीचशे किलोमीटरवर. अडलेल्या रात्री शेजारच्या रिक्षाचाच आधार.

आता माझी चूक. जन्माची नोंद एकवीस दिवसांत मोफत होते, म्हणून मी घाईने फॉर्म भरून दिला. आईचं नाव आधार कार्डावर होतं तसं लिहिलं. पण लग्नानंतर युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये वहिनींचं नाव जरा वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेलं होतं. जवानाचं लग्न, मूल, कुटुंबातला बदल, सगळं या पार्ट टू ऑर्डरने सेवा-नोंदीत चढतं आणि बायकोमुलांचे सगळे हक्क त्या नोंदीवर उभे असतात. नाव जुळलं नाही म्हणून बाळाची नोंद अडकली. प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज, परत युनिटकडे कागद, यात दोन महिने गेले. मी वही उघडून सेवा-नोंदीतलं नाव आधी पाहिलं असतं तर हे झालं नसतं. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं.

सीना आणि ओटीपी

दादा परत गेले आणि दहा दिवसांत सीनेला पूर आला. सप्टेंबर २०२५ चा तो पूर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. सासऱ्यांचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, नदीकडच्या पट्ट्यातली माती खरडून गेली. पंचनामा झाला, भरपाईच्या यादीत नावं आली. साडेतीन एकरांपैकी निम्मी जमीन दादांच्या नावावर आहे. सासऱ्यांनी सेतू केंद्रात अंगठा लावला आणि त्यांचं काम झालं. दादांच्या वाट्याच्या जमिनीसाठी ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, अडली, कारण तिथे दादांचा अंगठा नाहीतर दादांच्या मोबाइलवरचा ओटीपी हवा होता. आणि दादांचा मोबाइल होता रेंज नसलेल्या डोंगरावर.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या ओटीपीने. वहिनी घर चालवत होत्या, मूल वाढवत होत्या, सासूला इन्सुलिन टोचत होत्या, पण सरकारच्या, बँकेच्या, गॅसच्या लेखी घर होतं त्या बंद फोनवर. दोनदा प्रयत्न फसला. वहिनींनी फोनवर निरोप ठेवायचा, दादा संध्याकाळी रेंजमध्ये यायचे, तोवर केंद्र बंद झालेलं असायचं. केंद्रातला मुलगा म्हणायचा, “मॅडम, ओटीपी दहा मिनिटंच चालतो.” तिसऱ्यांदा काकांनी सुभेदार साहेबांशी बोलून वेळ ठरवून घेतली: रविवारी सकाळी दादा खालच्या तळावर येणार, पावणेनऊला. मी केंद्राच्या मुलाला सगळं सांगितलं. त्याची रविवारी सुट्टी असते. तो साडेआठलाच शटर वर करून बसला होता, कॉम्प्युटर सुरू, पान उघडलेलं. नऊला पाच कमी असताना फोन आला. ओटीपी दादांनी फक्त वहिनींना सांगितला, त्यांनी स्वतः कीबोर्डवर टाकला. आम्ही दोघं मागे सरकून उभे होतो. सहा आकडे टाकताना त्यांचं बोट थरथरत होतं. स्क्रीनवर हिरवी खूण आली तेव्हा फोन अजून चालू होता आणि पलीकडून दादा विचारत होते, “झालं का? झालं का?”

मुलाने पैसे घेतले नाहीत. वहिनींनी आग्रह केला, तेव्हा त्याने फक्त नियमाची फी घेतली.

त्या दुपारी आम्ही दादांच्या नंबराला काय काय जोडलंय याची यादी केली. गॅस, लाइटबिल, पगाराचं खातं, मुलीच्या शाळेचे मेसेज, सासूबाईंचं आधारसुद्धा. जे इकडून बदलता येत होतं ते बदललं. उरलेलं पुढच्या सुट्टीसाठी लिहून ठेवलं: बँकेत संयुक्त खातं आणि जमिनीच्या कामांपुरतं वहिनींच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र. ज्यांच्या शेजारी असं घर आहे त्यांनी जवान सुट्टीवर असताना एक दिवस या यादीसाठी मागून घ्यावा.

बांधाचा दावा

नोव्हेंबरात समन्स आलं. बांधाला बांध असलेल्या भावकीतल्या एकाने दावा लावला होता, प्रतिवादी बापलेक. सासऱ्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “पोराला नोकरी सोडून यावं लागेल का?” लागत नाही. १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट यासाठीच आहे. ठरावीक स्वरूपाच्या कठीण सेवेत असलेल्या जवानाविरुद्ध काम चालू असेल आणि त्याच्या बाजूने कुणी उभं नसेल, तर कोर्ट युनिटला कळवतं, आणि तिथून दाखला आला की काम पुढे ढकललं जातं. त्या सेवेचा काळ दाव्याच्या मुदतीच्या हिशेबातूनही वगळला जातो. वकीलबाईंनी मात्र सावध केलं. बाप आणि मुलगा यांचे हितसंबंध एकच आहेत आणि बापाचा वकील हजर आहे, असं कोर्टाला वाटलं तर स्थगिती मिळेलच असं नाही. म्हणून दोन्ही तयारी केली: युनिटकडून दाखल्याची मागणी आणि लेखी म्हणणंही तयार. सल्ल्याचे पैसे लागले नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. सैनिकांच्या कुटुंबांसाठी नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जोडीला दादांच्या कमांडिंग ऑफिसरांचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना गेलं. जमिनीच्या मोजणीचा अर्ज त्यानंतर हलला.

पैसे आणि भाकऱ्या

मधल्या काळात एकाने वर्गणी काढून अकरा हजार रुपये वहिनींपुढे ठेवले. त्यांनी हात जोडून परत केले. दर महिन्याला पगार येतो, त्यांना पैशांची चणचण नव्हती. दुखावलेल्या माणसाला काकांनी वाट दाखवली. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवसाच्या ध्वजदिन निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी, अपंग जवान यांच्यासाठी कामं होतात. रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती घेतली.

दिवाळीला पार्सल केलं. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, दोन्ही टिकणाऱ्या. भाकऱ्या वाटेत मोडू नयेत म्हणून बाईंनी एकेका भाकरीमध्ये सोलापुरी टॉवेलची घडी घातली. पत्त्यावर गावाचं, राज्याचं नाव नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि मार्फत ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), एवढंच. सैन्याचं टपालखातं पुढचं बघतं. दादांचा निरोप आला: चार भाकऱ्या मोडल्या, टॉवेल सगळे पोरांनी वाटून घेतले.

सध्या

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला दादा सुट्टीवर आले. पहिले दोन दिवस कुणी घरी यायचं नाही, असं वहिनींनी आधीच सांगितलं होतं आणि गल्लीने ते पाळलं. बाळ त्यांना ओळखेना, जवळ घेतलं की रडायचं. तिसऱ्या दिवशी ओळखायला लागलं. अक्षता सोहळ्याला मुलीला खांद्यावर घेऊन गेले. परतीच्या आधी बँक आणि दुय्यम निबंधक कार्यालय दोन्ही कामं उरकली. दाव्याची पुढची तारीख अजून लागायची आहे.

त्या सुट्टीत एका रात्री नळ आला. समोरचा मुलगा सवयीने खाली उतरला. हौदाजवळ दादा पाइप धरून उभे होते. तो परत वळला, तर दादांनी थांबवलं आणि दोघांनी मिळून पाणी भरलं. जिन्यात बोलणं चाललं होतं, काय ते मला ऐकू आलं नाही.

फेब्रुवारीत त्याची बारावीची परीक्षा. तोवर दादा पोस्टवर गेले होते. पाण्याची पाळी आता आमच्या घराकडे आहे. झाकणं वहिनी काढून ठेवतात.